ॲप उघडताच समोर काय यावे?

रोजच्या कामांच्या आखणीचे ॲप उघडल्याबरोबर जो स्क्रीन समोर येतो, त्याला त्या ॲपचा डिफॉल्ट व्ह्यू म्हणतात. ॲपमधली माहिती एकच असते, पण ती अनेक रूपांत मांडता येते: तासातासाने आखलेला आजचा दिवस, सात उभ्या रकान्यांचा आठवडा, चौकटींचा महिना किंवा एकाखाली एक लिहिलेल्या कामांची यादी. रूप बदलले की डोळ्यांपुढे काय येते आणि नजरेआड काय जाते, तेही बदलते. महिना उघडला तर पंधरा दिवसांवर आलेले लग्न दिसते, पण आज चार वाजता वकिलांना फोन करायचा आहे हे एका चौकटीत दडून जाते. दिवस उघडला तर फोन ठळक दिसतो आणि लग्न दिसतच नाही. दुसरा व्ह्यू एका स्पर्शावर असतो हे खरे, पण घाईत ॲप उघडणारा माणूस समोर आले तेवढे बघतो आणि फोन खिशात टाकतो. दिवसभरात कोणते काम आठवणार आणि कोणते राहून जाणार, हे त्यामुळे बऱ्याच अंशी पहिल्या स्क्रीनवर ठरते.

आधीच ठरवून दिलेली निवड लोक किती कमी बदलतात, याचे एक उदाहरण जेरेड स्पूल या अमेरिकी अभ्यासकाने २०११ साली लिहिलेल्या लेखात सापडते. सॉफ्टवेअर वापरायला सोपे कसे करावे हा त्यांचा विषय. त्यांच्या चमूने बऱ्याच लोकांकडून मायक्रोसॉफ्ट वर्डच्या सेटिंगची फाइल मागवून तपासली, तेव्हा एखादे तरी सेटिंग बदलणारे लोक पाच टक्क्यांहूनही कमी निघाले. मजकूर आपोआप जतन करण्याची सोय त्या वर्डमध्ये मुळात बंद होती. ती बंद आहे म्हणजे कंपनीने विचार करूनच बंद ठेवली असणार, अशी वापरणाऱ्यांची समजूत होती. खरे कारण वेगळेच होते. सेटिंगची फाइल तयार करताना सगळीकडे शून्ये भरली गेली होती आणि शून्याचा अर्थ ‘बंद’ असा होत होता. कोणीही जाणीवपूर्वक न केलेली निवड असंख्य लोकांनी तज्ज्ञांचा सल्ला समजून पाळली.

याहून गंभीर क्षेत्रातही हेच दिसते. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात युरोपातील देशांच्या अवयवदानाच्या संमतीची तुलना मांडली. जर्मनीत दानासाठी स्वतःहून संमती नोंदवावी लागे; तिथे संमतीचे प्रमाण १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर संमती गृहीत धरली जाई. तिथे ते ९९.९८ टक्के होते. दोन शेजारी देशांतल्या माणसांच्या दयाबुद्धीत एवढी तफावत असणे शक्य नाही. फरक होता तो काहीच न करणाऱ्याच्या नावे काय धरले जाते याचा. आखणीच्या ॲपमध्ये प्रश्न एवढा मोठा नाही, पण तो एकदाच येत नाही. दिवसातून अनेक वेळा ॲप उघडले जाते आणि दर वेळी तीच निवड पुन्हा समोर येते.

कागदाच्या काळात ही निवड दुकानातच होऊन जाई. लंडनचे स्टेशनरी व्यापारी जॉन लेट्स यांनी १८१२ साली छापील रोजनिशी विक्रीला आणली. तेव्हापासून दिवसाला एक पान, आठवड्याला दोन पाने अशा निरनिराळ्या मांडणीच्या डायऱ्या बाजारात येत राहिल्या. जानेवारीत जी डायरी विकत घ्यावी तिचाच ‘व्ह्यू’ डिसेंबरपर्यंत चाले. अमेरिकेत १९८४ साली आलेल्या फ्रँकलिन प्लॅनरने दिवसाला समोरासमोरची दोन पाने दिली: एका बाजूला कामे आणि भेटींच्या वेळा, दुसऱ्या बाजूला टिपणे. मराठी घरांत मात्र भिंतीवरचा महिना हाच पहिला व्ह्यू राहिला. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’मध्ये महिन्याला एक पान असते. त्याच्या चौकटींत तिथी, सण आणि एकादशी छापलेली असते, आणि उरलेल्या जागेत दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, पाहुण्यांचे येणे लिहिले जाते. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायच्या गोष्टी महिन्याच्या मापाने पाहिल्या जातात, त्यामुळे तिथे महिनाच सोयीचा ठरला. दुपारी तीनला दंतवैद्याकडे जायचे असेल तर ते त्या चौकटीत कसेबसे मावते, पण दिवसभराची आखणी तिथे होत नाही.

मांडणी क्षणात बदलता येऊ लागली ती संगणक आल्यावर, आणि मग ‘आधी कोणती?’ हा प्रश्नही उभा राहिला. त्याचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर १९९६ साली आलेल्या पामच्या ‘पायलट’ या खिशात मावणाऱ्या संगणकात दिसते. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरत आणि कोणी भेटीची वेळ विचारली की तो काढून वापरल्यासारखे करत. प्रत्यक्ष यंत्राचा स्क्रीन १६० बाय १६० ठिपक्यांचा होता. त्याखालचे भेटींचे बटण दाबले की यंत्र चालू होऊन थेट आजचा दिवस उघडे. पामच्या यंत्रांत तेच बटण पुन्हा दाबले की आठवडा येई आणि आणखी एकदा दाबले की महिना. एवढ्याशा स्क्रीनवर आठवड्यात शब्द मावत नसत. तिथे नुसत्या पट्ट्या दिसत, महिन्यात तर सकाळ-दुपार दाखवणाऱ्या बारीक खुणाच. कोणत्या व्ह्यूमध्ये वाचायचे आणि कोणत्यामध्ये फक्त मोकळी जागा शोधायची, हे त्या रचनेने स्पष्ट करून टाकले होते. आजची अनेक ॲप याबाबत तिच्याइतकी नेमकी नाहीत.

महिन्याचा व्ह्यू आकाराने ठरलेला असतो, पण अगदी एकसारखा नसतो. आठवडा रविवारी सुरू धरला तर फेब्रुवारी २०२६ बरोबर चार ओळींत बसतो, कारण त्या महिन्याची १ तारीख रविवारी येते आणि दिवस अठ्ठावीसच असतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टला सहा ओळी लागतात, कारण १ तारीख शनिवारी येते आणि ३० व ३१ तारखांसाठी वेगळी ओळ करावी लागते. म्हणजे चौकटी कधी २८, कधी ४२. फोनवर ४२ चौकटी मांडल्या की एकेका चौकटीत आकडा आणि एक-दोन रंगीत ठिपके एवढेच उरते. ठिपका ‘काहीतरी आहे’ एवढे सांगतो. काय आहे ते सांगत नाही. रिकामा शनिवार शोधणे, सुट्ट्या जोडून येतात का ते पाहणे, दोन कार्यक्रम एकाच आठवड्यात आदळतात का हे तपासणे, यासाठी महिन्याइतके चांगले साधन दुसरे नाही. पण आता काय करायचे हे ठरवायला तो उपयोगी पडत नाही.

आठवड्याचे गणित संगणकावर एक आणि फोनवर दुसरे असते. लॅपटॉपच्या रुंद स्क्रीनवर सात रकाने आरामात मावतात. प्रत्येक भेटीचे नाव, वेळ, ठिकाण वाचता येते, आणि मंगळवार गच्च भरला असून गुरुवार मोकळा आहे हे एका नजरेत कळते. गूगल कॅलेंडर २००६ साली आले. संगणकावर आठवडा हीच त्याची ओळखीची मांडणी आहे आणि कार्यालयीन कामासाठी ती योग्यच आहे. फोनवर मात्र तीच मांडणी गुदमरते. बऱ्याच आयफोनच्या स्क्रीनची रुंदी पॉइंट या मांडणीच्या एककात ३९० असते. डावीकडे तासांचे आकडे लिहायला पन्नासेक पॉइंट गेले, तर सात रकान्यांना ३४० उरतात. म्हणजे एकाला सुमारे ४९. बोटाने नेमके दाबता यावे म्हणून ॲपल किमान ४४ पॉइंटची जागा ठेवायला सांगते. त्यामुळे रकाना दाबता येतो, पण वाचता येत नाही. देवनागरीत तर चार-पाच अक्षरांतच ओळ संपते आणि ‘दंतवैद्याकडे जाणे’चे ‘दंतवैद्या’ होते. शिवाय वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळीला उंचीही जास्त लागते. गूगलने फोनच्या ॲपमध्ये तीन दिवसांचा पर्याय ठेवला आहे, तो यासाठीच उपयोगी आहे. तीनच रकाने केले की प्रत्येकाला ११० पॉइंटच्या वर रुंदी मिळते आणि आज, उद्या, परवा नीट वाचता येतात.

अरुंद स्क्रीनवरची ही अडचण सोडवण्याचा एक वेगळा प्रयत्न मेरिलँड विद्यापीठाचे बेन बेडरसन आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या ‘डेटलेन्स’ची मांडणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात निवडलेला दिवस फुगून मोठा होई आणि बाकीचे दिवस आक्रसत, पण नाहीसे होत नसत. दिवस आणि महिना एकाच वेळी दिसावेत, ही त्यामागची कल्पना होती. सर्वसाधारण वापरात मात्र दिवस, आठवडा, महिना हे तीन वेगळे स्क्रीनच टिकून राहिले.

दिवसाच्या व्ह्यूमध्ये वेळ उभ्या पट्टीवर मांडलेली असते. एका तासाला ६० पॉइंट उंची दिली तर चोवीस तासांना १,४४० पॉइंट लागतात. फोनच्या स्क्रीनवर वरची तारीख आणि खालची बटणे वगळून साधारण ६५० उरतात, म्हणजे एका वेळी जेमतेम अकरा तास दिसतात. मग उघडताना पट्टी कुठून दाखवायची हा आणखी एक निर्णय ॲपला घ्यावा लागतो. मध्यरात्रीपासून दाखवली तर अर्धा स्क्रीन झोपेच्या तासांनी भरतो. चालू वेळेच्या किंचित आधीपासून दाखवणे हे सर्वांत समंजस उत्तर आहे, आणि चालू वेळेची आडवी रेघ असेल तर दिवस किती सरला हे वेगळे मोजावे लागत नाही.

या पट्टीचा खरा गुण मात्र वेगळा आहे. कामांच्या बेरजेला दिवस पुरतो का, हे ती दाखवते. समजा एका शिक्षिकेची शाळा सकाळी सात ते साडेबारा आहे. घरी येणे, जेवण आणि थोडी विश्रांती धरून दोन वाजतात. पाचपासून घरची कामे सुरू होतात. मधले तीन तास मोकळे. तिच्या यादीत ‘साठ उत्तरपत्रिका तपासणे’ ही एक ओळ आहे आणि ‘विजेचे बिल भरणे’ ही दुसरी. यादीत दोन्ही ओळी सारख्याच उंचीच्या दिसतात. पण एका उत्तरपत्रिकेला पाच मिनिटे धरली तर साठांना पाच तास लागतात. तेच काम दोन वाजल्यापासून पट्टीवर मांडले की ते सात वाजेपर्यंत पसरते, घरच्या कामांवर चढते, आणि निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे छत्तीस उत्तरपत्रिकाच आज होणार हे सकाळीच कळते. यादीने हे सांगितले नसते.

तरीही यादीचे स्वतःचे सामर्थ्य आहे. ज्या कामांना घड्याळाची वेळ नसते, ती पट्टीवर नीट बसत नाहीत. बिल आज कधीही भरता येते. त्याला अकरा वाजताची खोटी वेळ देऊन पट्टीवर ठेवले आणि ते बारालाही झाले नाही, तर सगळी आखणी फसल्यासारखी वाटते. यादी रिकामे तास दाखवत नाही, म्हणून तीन भेटींचा दिवस तीन ओळींत मावतो आणि खाली उद्याच्याही ओळी येतात. फोनच्या अरुंद, उभ्या स्क्रीनला हा आकार मुळातच मानवतो.

यादीने उघडणाऱ्या ॲपला मात्र एका अवघड प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: काल न झालेल्या कामांचे आज काय करायचे? याची तीन प्रचलित उत्तरे आहेत आणि त्यांतून माणसाकडे बघण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. टूडूइस्ट या ॲपमध्ये आजच्या यादीच्या माथ्यावर मुदत उलटलेल्या कामांचा वेगळा गट येतो आणि त्यांना नवी तारीख देण्याची सोय शेजारीच असते. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या ‘कल्चर्ड कोड’ने केलेल्या ‘थिंग्ज’मध्ये आजसाठी निवडलेले काम झाले नाही तर ते गाजावाजा न करता दुसऱ्या दिवशीच्या ‘टुडे’मध्ये राहते; संध्याकाळच्या कामांचा तिथे निराळा भाग असतो. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये ‘माय डे’ ही यादी रोज मध्यरात्री रिकामी होते. कामे मूळ याद्यांत सुरक्षित राहतात, पण आजच्या दिवसात त्यांतली कोणती घ्यायची हे रोज नव्याने ठरवावे लागते. पहिल्या तऱ्हेत काहीही विसरले जात नाही, पण आठ-दहा दिवसांची थकबाकी साचली की ॲप उघडणेच नकोसे होते. तिसरीत सकाळ हलकी वाटते, पण ठरवण्याची ती दोन मिनिटे रोज काढणाऱ्यालाच तिचा लाभ होतो. ज्याची कामे इतरांनी दिलेली आणि मुदतीची आहेत त्याला पहिली तऱ्हा आवश्यक आहे. ज्याची बहुतेक कामे स्वतःच योजलेली आहेत त्याला तिसरी अधिक मानवते.

आखणी जितकी बारीक तितकी चांगली, असा समज सर्वत्र आहे. त्याला छेद देणारा एक जुना प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. डॅनियल किर्शेनबॉम, लॉरा हम्फ्री आणि शेल्डन मॅलेट यांनी १९८१ साली अभ्यासाच्या सवयी सुधारू पाहणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना रोजची तपशीलवार आखणी करायला शिकवले होते, काहींना महिन्याची ढोबळ आखणी. महिन्याची आखणी करणारे सरस ठरले. दिवसाचे वेळापत्रक एकदा मोडले की ते मोडलेलेच दिसत राहते आणि उमेद खचते. महिन्याच्या आखणीत आजचे काम उद्यावर गेले तरी आखणी शाबूत राहते.

मुळात अंदाजच चुकतात, हेही अनेकदा सिद्ध झाले आहे. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांच्या १९९४ सालच्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारले होते. सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळे बिघडत गेले तर किती लागतील, या प्रश्नाचे उत्तरही सरासरी ४८.६ दिवसच होते. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही अपुरा पडला. आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस बहुतेक वेळा कमी धरतो, हे ज्या ॲपने गृहीत धरलेले नाही ते रोज संध्याकाळी माणसाला हरलेला दाखवते.

या दोन्ही अभ्यासांवरून दिवसाचा व्ह्यू टाकून महिना डिफॉल्ट करावा असे वाटू शकते, पण तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. ते अभ्यास आखणी कशी करावी याविषयी आहेत. ॲप मात्र बहुतेक वेळा आखणी करायला उघडले जात नाही. आखणी आठवड्यातून एकदा, फार तर रोज सकाळी होते. उरलेल्या वेळी ॲप उघडण्यामागे एकच साधी विचारणा असते: आता काय, आणि त्यानंतर काय? डिफॉल्ट व्ह्यू या विचारणेच्या ताब्यात द्यायला हवा, कारण तीच दिवसभर पुन्हा पुन्हा होते. आखणीसाठी आठवडा किंवा महिना मुद्दाम उघडावा. त्या वेळी माणूस निवांत बसलेला असतो आणि एक स्पर्श जास्त झाला तरी त्याचे काही अडत नाही. म्हणून बहुसंख्य लोकांसाठी फोनवर आजची यादी आणि तिच्यात वेळ ठरलेल्या भेटी आपापल्या जागी, खाली उद्याचे दोन-तीन ओळींचे दर्शन, अशी मांडणी सर्वांत योग्य ठरते. संगणकावर आठवडा ठेवावा, कारण आखणी बहुधा तिथेच होते आणि तिथे रुंदीची अडचण नसते. एकाच माणसाला दोन यंत्रांवर दोन डिफॉल्ट लागतात. ॲपने ते एकमेकांशी जुळवून सारखे करण्याचा हट्ट धरू नये.

काही ॲप ठरलेला व्ह्यू न ठेवता शेवटी पाहिलेला व्ह्यू पुन्हा उघडतात. ही पद्धत वरवर सोयीची वाटते. पण ॲपलमध्ये १९७९ साली मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात सवयीबद्दल जे मांडले, ते इथे तंतोतंत लागू पडते. एकच कृती दर वेळी एकच परिणाम देत असेल तर ती सवयीची होते आणि तिच्यासाठी लक्ष खर्चावे लागत नाही. परिणाम बदलत राहिला तर दर वेळी भानावर येऊन बघावे लागते. रात्री सहलीची तारीख बघायला जून महिना उघडला आणि सकाळी घाईत ॲप उघडल्यावर समोर जूनच आला, तर आधी आपण कुठे आहोत हे शोधण्यात वेळ जातो. अर्धवट लिहिलेले टिपण किंवा चालू असलेला शोध जपण्यासाठी मागची जागा लक्षात ठेवावी. काही तास उलटल्यावर मात्र पुन्हा आजवर यावे. पहिला व्ह्यू कोणता हे काही ॲप वापरणाऱ्यावरच सोपवतात: टूडूइस्टमध्ये ‘होम व्ह्यू’ म्हणून आजची यादी, इनबॉक्स, एखादा प्रकल्प किंवा स्वतः केलेला फिल्टर निवडता येतो. गूगल कॅलेंडरमध्ये संगणकावर दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंतचा स्वतःचा व्ह्यू ठरवता येतो, आणि डी, डब्ल्यू, एम या कळांनी दिवस, आठवडा, महिना यांत ये-जा होते. टी दाबले की कुठूनही आजवर परत येता येते.

आठवडा निवडला की तो कोणत्या वारी सुरू करायचा हेही ठरवावे लागते. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो. भारतातल्या छापील कॅलेंडरांत तो रविवारी सुरू होतो. भिंतीवर एक आणि फोनवर दुसरे असले की नजर सवयीने चुकीच्या रकान्यावर पडते, आणि शनिवारचा कार्यक्रम रविवारी धरला जातो. ‘वर्क वीक’ नावाचा सोमवार ते शुक्रवार हा पर्याय तर भारतात फारच जपून वापरावा. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्यांना तो पर्याय चालतो. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा आहे, म्हणजे पहिला, तिसरा आणि असेल तर पाचवा शनिवार कामाचा. पाच रकान्यांच्या व्ह्यूत ते दिवस दिसतच नाहीत. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या कामगाराचा आठवडा शुक्रवारी सुरू होऊन बुधवारी संपतो. सुट्टीचे वार स्वतः निवडू न देणारे ॲप त्याच्या उपयोगाचे नाही.

कामाच्या स्वरूपानुसार उत्तर बदलते. अर्ध्या-अर्ध्या तासाने रुग्ण तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टला तासांची पट्टीच हवी, कारण रद्द झालेल्या भेटीची मोकळी फट लगेच दिसली तर तिथे दुसरा रुग्ण घेता येतो. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला दिवस उघडून काहीच मिळत नाही. त्याला येणारा प्रत्येक फोन एखादी तारीख मोकळी आहे का एवढेच विचारतो, तेव्हा त्याच्यापुढे महिनाच उघडायला हवा. पाळीने काम करणाऱ्या परिचारिकेची दिवसपाळी आणि रातपाळी आलटूनपालटून येते, म्हणून तिला दोन आठवडे एकत्र दिसणे सोयीचे. एका आठवड्यात तो क्रम अर्धाच दिसतो. शिवाय रातपाळीचा ‘आज’ मध्यरात्री संपत नाही. बारा वाजता यादी पुसणारे ॲप तिची कामे ऐन पाळीत नाहीशी करते. दिवस पहाटे चार किंवा पाचला बदलण्याची सोय अशा लोकांसाठी फार गरजेची आहे.

डिफॉल्ट ठरवताना ज्यांचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो, ते म्हणजे स्क्रीन न बघता ऐकणारे लोक. व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक ही स्क्रीन वाचून दाखवणारी यंत्रणा वापरणाऱ्या अंध माणसाला महिन्याच्या ४२ चौकटी एकामागून एक ऐकत जाव्या लागतात. रंगीत ठिपक्यांचा तर त्याला काहीच उपयोग नसतो. यादी मात्र ऐकायला सरळ असते: वेळ, काम, पुढची वेळ, पुढचे काम. अक्षरे मोठी करून वाचणाऱ्या वृद्धांनाही यादीच सोयीची, कारण अक्षर वाढले की ओळ खाली वाढते. रकान्यांत मात्र शब्द तुटतो. फोन वाचक-यंत्रणा किंवा मोठ्या अक्षरांवर ठेवलेला आहे हे ॲपला कळू शकते. अशा फोनवर त्याने न विचारता यादीनेच सुरुवात करावी.

नव्या वापरकर्त्याला पहिल्याच दिवशी ‘कोणता व्ह्यू हवा?’ असे विचारण्याची पद्धतही रूढ आहे, पण तेव्हा ॲप रिकामे असते आणि रिकाम्या मांडणीवरून कोणालाच अंदाज येत नाही. आठवडाभर वापर झाल्यावर, स्वतःची कामे आत आल्यावर, हा प्रश्न विचारला तर उत्तर खरे मिळते. एखादा माणूस ॲप उघडून दर वेळी लगेच आठवड्यावर जातो असे दिसले, तर तोच पहिला ठेवू का असे ॲपने एकदा विचारावे. परवानगीशिवाय बदलू नये.

अलीकडे पहिल्या स्क्रीनची जागा ॲपच्या बाहेरही सरकली आहे. अँड्रॉइडवर २००९ पासून आणि आयफोनच्या होम स्क्रीनवर २०२० पासून विजेट, म्हणजे ॲपमधली माहिती बाहेरच दाखवणाऱ्या चौकटी, ठेवता येतात. ज्याने विजेट लावले आहे त्याच्या दृष्टीने तेच डिफॉल्ट आहे. फोन हातात घेताच पुढची भेट आणि दोन-तीन कामे दिसतात, ॲप उघडावेही लागत नाही. अशा वेळी दोन्ही जागी तेच दाखवण्यात अर्थ उरत नाही. ‘आता काय’ची जबाबदारी विजेटने घेतली असेल, तर ॲप उघडणे म्हणजे पुढचे बघायला येणे, आणि मग आत तीन दिवस किंवा आठवडा पहिला ठेवणे योग्य होते.